मागं अवशेष न ठेवणारी गावं

कुडाच्या घरातून माणसं निघून गेली की घर फार दिवस वाट पाहत नाही. पहिल्या पावसाळ्यात छपरावरचं गवत काळं पडून बसतं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीची माती ओघळते, आतल्या कारव्या उघड्या पडतात, मेढींना वाळवी लागते. आणखी एक-दोन पावसाळे गेले की नुसता उंचवटा राहतो, त्यावर टाकळा माजलेला. पुढं कुणी तिथं नांगर घातला तर उंचवटाही जातो. डहाणू-तलासरीच्या डोंगरपट्ट्यात अशा कितीतरी ओट्यांवरून आपण चालत जातो, आणि आपण कुणाच्या घरातून चाललो आहोत याचा पायांना पत्ता लागत नाही.

हा पट्टा तसा अरुंद. बोर्डीच्या किनाऱ्यावर सुरूची बनं, त्यांच्या मागं घोलवडच्या चिकूच्या वाड्या, मग रेल्वेचे रूळ, मग भाताची खाचरं आणि ताडांच्या रांगा. खाचरं चढाला लागली की डोंगर सुरू. अहमदाबादचा हमरस्ता ओलांडून पूर्वेला गेलं की धुंदलवाडी, सायवन, उधवा, कासा. पहाटे खाऱ्या वाऱ्यात निघालेला माणूस दिवस मावळायच्या आत सागाच्या रानात पोचतो. आणि गाव म्हणजे इथं एका जागी दाटून बसलेली वस्ती नसते. एका गावाचे अनेक पाडे, प्रत्येक पाडा आपल्या टेकाडावर, मध्ये शेतं, ओहोळ, एखादं देवाचं झाड. वारली, कोकणा, धोडी, दुबळा, कातकरी अशी माणसं या पाड्यांवर राहत आली.

डोंगर आणि समुद्र यांचं इथलं नातं देखाव्याचं नव्हतं. डोक्यावरच्या भाऱ्यातून ते चालत आलं. वरून खाली जायचं जळण, पळसाची पानं, मोहाची फुलं, करवंदं. खालून वर यायचं मीठ आणि सुकी मासळी. झाईच्या, डहाणूच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवांवर वाळलेला बोंबील आणि वाळूत पसरून वाळवलेला जवळा श्रावणातल्या अंधाऱ्या दिवसांत डोंगरातल्या चुलीवर पोचलेला असायचा. समुद्र कधी न पाहिलेल्या म्हाताऱ्यांच्या जिभेलाही समुद्र ठाऊक होता.

ग्रीसच्या पेलोपोनीज भागात, दक्षिणेकडं, मानी नावाचा असाच एक प्रदेश आहे. पुढं समुद्र, पाठीशी तायगेतोसचा डोंगर. तिथल्या वाथिया गावातली माणसं गेल्या शतकात हळूहळू उठून गेली. त्यांचे दगडी मनोरे मात्र उभे राहिले. 1975 पासून ग्रीसच्या पर्यटन संस्थेनं वाथिया आणि पेलिओन डोंगरातली विझित्सा, मक्रिनित्सा अशी काही जुनी गावं निवडली, घरं दुरुस्त केली, त्यांत पाहुण्यांची सोय केली. जगभरची माणसं आज त्या गल्ल्यांतून फिरतात. ओसाड पडलं तरी तिथलं गाव गाव दिसतं, म्हणून त्याच्यासाठी शोक करायला एक जागा असते, टेकायला एक भिंत असते. आपल्या या डोंगरात ती सोय नाही. इथं माणूस उठला की गाव उठतं. मला या गावांविषयी जे दुःख आहे ते ठेवायला दगड सापडत नाही, म्हणून हे लिहिणं.

घर दरवर्षी नवं व्हायचं. भात झोडून खळं मोकळं झालं की पुरुष गवताला जायचे, बाया मातीला. छपरावरचं कुजलेलं गवत किंवा भात्याण काढून नवं चढायचं. भिंतीला शेणामातीचा हात फिरायचा. घर बांधून झालं असं इथं कुणी कधी म्हणालंच नसेल. ते बांधत राहायचं असायचं. वर्षाच्या कामांत भात जसं, राब भाजणं जसं, आवणी जशी, तसंच घर. पन्नास वर्षं जुनं घर असं ज्याला म्हणावं त्यात पन्नास वर्षांपूर्वीची एखादी मेढ असली तर असली. बाकी सगळं गेल्या दोन-तीन वर्षांतलं. जुना असायचा तो हात. आजीनं सारवताना मनगट जसं वळवलं तसंच नातीचं वळायचं, आणि ओल्या भिंतीवर बोटांच्या कमानी उमटायच्या त्या तशाच.

त्या हाताविषयी मन भरून येतं, पण त्या हातावर काय लादलं होतं तेही इथंच लिहिलं पाहिजे. लग्न ठरलं की सवाशिणी घरातली भिंत गेरूनं रंगवायच्या आणि तांदळाच्या पिठात बांबूची काडी बुडवून चौक लिहायच्या. मधोमध पालघट देवी, भोवती नक्षीच्या चौकटी, जवळ घोड्यावरचा पंचशिरा, झाडं, माणसं, मुंग्या, पक्षी. लग्न लावणारी धवलेरी गाणी म्हणायची. तिच्या शब्दांनीच लग्न लागायचं. इतकं सुंदर लग्न. आणि याच लग्नाच्या खर्चासाठी जमीनदाराकडून उचल घेतली की नवरा त्या जमीनदाराचा लग्नगडी व्हायचा. तो राबायचा, त्याची बायको राबायची, कर्ज फिटायचं नाही. ज्या भिंतीवर देवी लिहिली त्याच भिंतीआड गुलामी सुरू व्हायची. शिवाय वेठ होतीच: बिनमजुरीचं नांगरणं, बिनमजुरीची आवणी. स्वतःच्या छपराला गवत नाही आणि हातात विळा आहे तो मुंबईच्या तबेल्यांना जाणारं जमीनदाराचं गवत कापण्यासाठी.

23 मे 1945 रोजी झरीला हजारो आदिवासी जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर किसान सभेचा लाल झेंडा घेऊन आले होते. वेठ करायची नाही, असं तिथं ठरलं, आणि पाड्यापाड्यांवर ते खरं झालं, लग्नगडी सुटले. गवत कापायच्या दिवसांत मागणी पुढं आली: पाचशे रतल गवतामागं अडीच रुपये. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. गोदावरीबाईंनी हे सगळं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिलं. 1972 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तलासरीतलं महाविद्यालय आज त्यांच्या नावानं ओळखलं जातं. त्या गोळीबाराच्या वेळी माणसं ज्या घरांतून निघाली आणि ज्या घरांत परतली नाहीत, ती घरं शोधायला गेलात तर सापडणार नाहीत. हुतात्म्याचं जन्मघर म्हणून पाटी लावायला कुडाची भिंत टिकत नाही.

चौकही टिकण्यासाठी नव्हताच. लग्न झालं, पाहुणे गेले, की चुलीचा धूर त्याच्यावर बसू लागायचा. पुढच्या सारवणात तो मातीत जायचा. पुढचं लग्न, पुढचा चौक. 1970 नंतर भास्कर कुलकर्णी या चित्रकारानं इथल्या बायांना आणि मग गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना कागद दिला. बायांनी भिंतीवर लिहायचं ते एका पुरुषानं कागदावर, कापडावर लिहिलं, आणि लग्नाचं कारण नसताना लिहिलं. मशे लहान असताना त्यांची आई गेली. मग बराच काळ ते बोलत नव्हते, धुळीत चित्रं काढायचे. धुळीतली चित्रं ती. वाऱ्यानं गेली असतील. कागदावरची राहिली, युरोपात गेली, 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. 2018 मध्ये ते गेले. आज मुंबईतल्या उपाहारगृहांच्या भिंतींवर, चादरींवर, चहाच्या पेल्यांवर तारपा वाजतो आहे आणि त्याच्याभोवती माणसांचा गोल फिरतो आहे. या कलेनं काही घरांत भाकर आणली, मुलं शिकवली. मला त्याचा आनंद आहे. पण चित्राला अमर व्हायला भिंतीपासून सुटावं लागलं, आणि भिंत तिथंच राहिली, हे मनातून जात नाही.

असवली धरणाच्या बाजूनं बारडाच्या डोंगरावर चढलं की बहरोटची लेणी लागतात. संजाण इथली वस्ती पडल्यावर पारशांनी आपला पवित्र अग्नी, इराणशाह, या डोंगरात आणून लपवला. ‘किस्सा-ए-संजाण’ हे 1599 मधलं फारसी काव्य सांगतं की अग्नी इथं बारा वर्षं होता. मग तो बांसद्याला गेला, आणखी ठिकाणं फिरला, आणि 1742 पासून उदवाड्याला आहे. लेण्यात आज पाहण्यासारखं फार नाही. काळा खडक, पाण्याचं टाकं, वटवाघळांचा वास, आणि पश्चिमेला ऊन चमकवणारा समुद्र, ज्यावरून ती माणसं शतकांपूर्वी आली होती. मी तिथं बसून दर वेळी लाकडांचा विचार करते. बारा वर्षं अग्नी विझू द्यायचा नाही म्हणजे रोज सुकं लाकूड हवं, पावसाळ्यातही हवं. या रानात सुकं लाकूड कुठं मिळतं, ओल्या दिवसांत ते कुठं झाकून ठेवायचं, हे डोंगरातल्या माणसाशिवाय कोण सांगणार? काव्यात तो माणूस नाही. माझ्या डोळ्यांपुढं तो असतो, डोक्यावर मोळी घेऊन चढ चढणारा. अग्नी वाचला कारण त्याला कुणीतरी रोज खायला घातलं. तो आजही तसाच जगतो.

कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलांसाठी जे केलं तेही आठवतं. 1945 साली बोर्डीत सुरू झालेलं त्यांचं काम 1957 मध्ये कोसबाडला गेलं. पाड्यावरची मुलं शाळेत येत नाहीत, कारण ती गुरं राखायला रानात जातात. मग शाळा रानात गेली. कुरणशाळा म्हणायचे तिला. गुरं चरत असायची, मुलं झाडाखाली शिकायची. इमारत नव्हतीच. ताराबाई 1973 मध्ये गेल्या, अनुताई 1992 मध्ये. ज्या झाडाखाली एखादा गुराखी पोरगा पहिल्यांदा स्वतःचं नाव लिहायला शिकला, त्या झाडाला काही खूण नाही.

नोव्हेंबर 2018 मध्ये जमीन हलू लागली. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी या भागात धक्क्यामागून धक्के. 1 फेब्रुवारी 2019 रोजी 4.1 तीव्रतेचा धक्का बसला तेव्हा घराबाहेर धावताना पडून एक अगदी लहान मुलगी गेली. थंडीत माणसं उघड्यावर, तंबूंत झोपू लागली. अंगणात झोपून घराकडं पाहत राहायचं, घर पडेल का म्हणून. शास्त्रज्ञ आले, यंत्रं बसली. पावसाचं मुरलेलं पाणी खोल भेगांत उतरतं आणि खडक सरकतो, असं त्यांच्यातल्या काहींचं म्हणणं. त्या दिवसांत कुणाच्याही बोलण्यात भिंतीच असायच्या. विटांच्या भिंतीला तडा जातो. विणलेला कूड हलतो, माती सांडतो, बहुधा उभा राहतो, आणि पडलाच तर माणसाला मारण्याइतकं वजन त्याच्यात नसतं. ज्यांनी कूड काढून विटा लावल्या त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. दरवर्षी गवत कुठून आणायचं? कारवीच्या रानात जायला वनखात्याची भीती, आणि सारवून सारवून बायकांच्या कमरा गेल्या. सरकारी घरकुल मिळालं, स्लॅब पडला, पाऊस घरात येईनासा झाला: हे सुख ज्यानं गळक्या छपराखाली रात्री जागून काढल्या आहेत त्यालाच कळतं. तरी एक झालं. घरकुलाला हात लागत नाही. ते एकदाच होतं, कुणीतरी बाहेरचा गवंडी करतो, आणि नंतर घरातल्या माणसांना त्याच्यासाठी काही करायचं उरत नाही.

आणि हात तरी घरी कुठं आहेत? आवणी आटोपली, भात घरात आलं, की पाडे रिकामे होतात. वापी, उंबरगाव, बोईसरचे कारखाने; वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्या; रेतीची कामं; मुंबईच्या इमारती. कितीतरी तरुण गुजरातच्या ओखा, पोरबंदर, वेरावळ या बंदरांतल्या बोटींवर खलाशी होऊन जातात. डोंगरातली पोरं, ज्यांच्या आजोबांना समुद्र फक्त सुकटीतून माहीत होता, ती आता महिनोन् महिने समुद्रात असतात. बोट अदृश्य सीमारेषा ओलांडते, पाकिस्तानी गस्तीच्या हाती लागते, आणि मग कराचीचा तुरुंग. सागाच्या रानातल्या एखाद्या ओट्यावर बसून कुणाची तरी आई विचारते की कराची किती लांब. तिथून शव होऊन परतलेले खलाशीही या पाड्यांनी पाहिले आहेत. त्या वर्षी त्या घराच्या भिंतीला हात कोण लावणार?

चैत्री पौर्णिमेला मात्र सगळे येतात. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची जत्रा पंधरा दिवस चालते. मुसळ्या डोंगराच्या उंच सुळक्यावर जव्हारच्या मुकणे घराण्याकडून आलेला ध्वज चढवायचा मान वाघाडीच्या पुजाऱ्यांचा. तो मध्यरात्री चढतो. देवी पूर्वी वरच असायची. डोंगर चढवेना अशा गरोदर भक्तिणीसाठी ती पायथ्याशी आली, अशी कथा आहे. जत्रेत पाळणे, भांडी, विळे, कोयते, मसाले, आणि पावसाळ्याची बेगमी म्हणून सुकी मासळी. बोंबलाच्या ढिगापुढं उकिडव्या बसलेल्या बाया एकेक बोंबील मोडून पाहतात, नाकाला लावतात, भाव तोडतात. मला ही कथा फार प्रिय आहे, कारण तिच्यात डोंगर खाली येतो तो कुणाच्या तरी जड पावलांसाठी.

आता डोंगर दुसऱ्या कारणानं खाली येतो आहे. 1991 मध्ये डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते, आणि 1998 मध्ये या प्राधिकरणानं किनाऱ्यावरच्या वाढवणला प्रस्तावित असलेलं बंदर होऊ शकत नाही असं सांगितलं. जानेवारी 2019 मध्ये धर्माधिकारी गेले. जुलै 2023 मध्ये त्याच प्राधिकरणानं बंदराला परवानगी दिली, जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 76,000 कोटींवर खर्चाचा प्रकल्प मंजूर केला, 30 ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात 1,448 हेक्टर भराव. त्यासाठी वाळू दमणजवळच्या समुद्रतळातून, आणि दगड-मुरूम पालघर जिल्ह्यातल्या टेकड्यांतून. द्रुतगती मार्ग, मालगाड्यांचा मार्ग, बुलेट ट्रेन यांनी आधीच खाचरं आणि पाडे कापले आहेत. रस्ते नकोत, काम नको असं इथला कुणी म्हणत नाही. वाढवणचे मच्छीमार आपली मासळीची जागा मागतात, डोंगरातली माणसं आपलं टेकाड. ज्या टेकाडावर पाडा बसायचा तेच उचलून नेलं तर उंचवटासुद्धा राहणार नाही, आणि मग परतायला जागा नाही. पडलेलं कुडाचं घर त्याच जागी पुन्हा उभं करता येत होतं. या गावांची सगळी ताकद त्या ‘पुन्हा’त होती.

तेव्हा भिंत कशी करतात ते तरी लिहून ठेवते, पाड्यांवरच्या बायांनी आणि म्हाताऱ्यांनी जसं दाखवलं तसं. मेढी सागाच्या किंवा ऐनाच्या. जमिनीत जाणारा बुडखा विस्तवावर भाजून काळा करायचा, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. बांबू अंधाऱ्या पंधरवड्यात तोडायचा. तो चिरून आडव्या कांबी मेढींना बांधायच्या, केवणीच्या सालीच्या वाखानं. तार वापरली तर गंजते. कारवी पावसाळा सरल्यावर काढायची, पानं झोडून टाकायची, आणि उभ्या कारव्या एकीला एक लावून कांबींत विणायच्या. छपराजवळचा हातभर कूड तसाच उघडा ठेवायचा, धूर जायला आणि उजेड यायला. माती वारुळाची मिळाली तर उत्तम. तिच्यात भाताचा तूस घालून पायानं तुडवायची, रात्रभर मुरू द्यायची. सकाळी दोन बाया, एक आत आणि एक बाहेर, एकमेकींच्या तळव्यांसमोर तळवे ठेवून माती दाबत जातात, म्हणजे ती कारव्यांच्या फटींतून दोन्हीकडून येऊन मध्ये घट्ट होते. वाळली की बारीक भेगा पडतात; त्या शेण आणि पातळ मातीच्या हातानं भरायच्या. हा हात डावीकडून उजवीकडे, वरून खाली. घरात लग्न असेल तर एका भिंतीला गेरू. पागोळ्यांच्या उडत्या पाण्यानं बाहेरच्या भिंतीचा खालचा दीड हात दरसाल धुपतो. पुढच्या वर्षी काम तिथूनच धरायचं.